ठेका न सोडता : त्रिलोक गुर्टू यांचे अल्बम

त्रिलोक गुर्टू हे मुंबईत जन्मलेले आणि युरोपात नावारूपाला आलेले तालवादक. १९८८ साली आलेला ‘उस्फ्रेट’ हा त्यांचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम. त्यानंतरच्या तीन दशकांत त्यांनी दीड डझन तरी अल्बम केले. त्यांत जॅझ आहे, फंक आहे, ठुमरी आहे, माली आणि दक्षिण आफ्रिकेचं गाणं आहे, रशियातल्या तुवा प्रांतातलं कंठगायन आहे, इटलीतल्या चार तंतुवादकांची सुरावट आहे आणि संगणकावर घडवलेले नादही आहेत. इतक्या विविध गोष्टींना एकत्र बांधतो तो ठेका. रेकॉर्ड कुठलीही लावावी, श्रोत्याचा पाय आधी हलतो आणि तालाची गुंतागुंत नंतर लक्षात येते. भारतीय तालविद्या जॅझ-फंकच्या गाभ्यात उतरवणाऱ्या वादकांत गुर्टू यांचं स्थान फार वरचं आहे. तबल्याचे चार तुकडे वरून पेरून पाश्चात्त्य संगीताला ‘भारतीय’ रंग देण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही, आणि त्यांच्या अल्बमांचं मोल त्यातच आहे.

ग्रूव्ह, फंक आणि अ‍ॅसिड जॅझ

जॅझ वादक ज्याला ग्रूव्ह म्हणतात, तो तालाचा एक छोटा आकृतिबंध असतो. ड्रम, बेस गिटार आणि बहुधा एखादं कीबोर्ड किंवा गिटार मिळून तो घडवतात आणि पुन्हा पुन्हा वाजवतात. प्रत्येक वाद्याच्या वाट्याला थोडेच आघात येतात, पण ते एकमेकांच्या मधल्या जागांत नेमके बसतात. जळगाव-धुळ्याकडच्या वरातीत बँडवाल्यांची गाणी एकामागून एक बदलत जातात, ऑक्टोपॅड आणि ढोलकीचा ठेका मात्र तुटत नाही, आणि नाचणाऱ्यांचं सारं लक्ष त्या न तुटणाऱ्या ठेक्यावर असतं. ग्रूव्हचं काम हेच. तो मागे राहून सगळ्यांना धरून ठेवतो.

फंक ही शैली अमेरिकेत १९६०च्या दशकात जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातून पुढे आली. स्वरांची वळणं कमी करायची, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी ठामपणे यायचं आणि उरलेल्या मात्रांमध्ये बारीक, तुटक आघातांनी ताण निर्माण करायचा, ही तिची रीत. १९७३मध्ये जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांचा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम आला आणि जॅझ वादकांनी फंकचा पाया घेऊन लांबलचक वादन कसं करावं याचा एक नमुना तयार झाला. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमधले डीजे जुन्या जॅझ-फंकच्या रेकॉर्ड नृत्यक्लबांत लावू लागले. जाइल्स पीटरसन आणि एडी पिलर यांनी १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड जॅझ’ या नावाची रेकॉर्ड कंपनीच काढली. ब्रँड न्यू हेवीज, जेम्स टेलर क्वार्टेट, इनकॉग्निटो आणि थोड्या उशिरा जमिरोक्वाय हे या प्रवाहातले गाजलेले गट. जमिरोक्वायचा ‘इमर्जन्सी ऑन प्लॅनेट अर्थ’ १९९३चा. त्याच वर्षी ‘अस थ्री’ या गटाने हॅनकॉक यांच्या ‘कँटालूप आयलंड’चा तुकडा घेऊन केलेलं गाणं जगभर वाजलं.

गुर्टू या लंडनच्या चळवळीतले नव्हेत. त्यांचा पिंड मंचावर प्रत्यक्ष वाजवणाऱ्या जॅझ वादकाचा. तरी काळ तोच आहे आणि प्रश्नही तोच आहे : नाचता येईल असा ठेका आणि मन लावून ऐकण्याजोगं जॅझ एकाच रेकॉर्डवर कसं नांदवायचं? या प्रश्नाचं गुर्टू यांनी दिलेलं उत्तर मात्र त्यांच्या घरातून आलेलं आहे.

ठुमरीच्या घरातून

त्रिलोक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१चा. आई शोभा गुर्टू या ठुमरी, दादरा, कजरी, होरी या गायनप्रकारांतलं मोठं नाव. त्या मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे शिकलेल्या, आणि शोभाताईंनी अल्लादियाखाँचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे तालीम घेतली. ठुमरीची दीक्षा त्यांना घम्मनखाँ यांच्याकडून मिळाली. ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ या १९७८च्या चित्रपटातल्या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर नामांकन मिळालं होतं. १९८७मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२मध्ये पद्मभूषण त्यांच्या वाट्याला आले. सप्टेंबर २००४मध्ये त्यांचं निधन झालं.

अशा घरात वाढलेल्या मुलाच्या हातात लहानपणीच तबला आला. ठुमरीत तबलजीच्या वाट्याला एक खास जागा येते. गायिका बोलबनाव, म्हणजे शब्दांचा भावविस्तार, संपवून मुखड्यावर स्थिर होते, ओळ तीच फिरत राहते आणि तबला एकदम दुगुणीत जाऊन लग्गी धरतो. केरव्याच्या चालीची ती द्रुत, लडिवाळ, किंचित झुलती लय असते. शेवटी तोच तुकडा तीनदा वाजवणारी तिहाई घेऊन सगळे समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतात. लग्गीत स्वर फारसे बदलत नाहीत आणि सारी गंमत ठेक्याच्या आत घडते. म्हणजे फंकमध्ये बेस आणि ड्रम जे करतात, त्याच्याशी फार जवळची गोष्ट गुर्टू यांनी कळत्या वयाच्या आधीपासून घरात ऐकली होती. त्यांच्या ग्रूव्हला जो लवचिकपणा आहे, काटेकोर असूनही न कडकडणारा, त्याचं मूळ ठुमरीच्या संगतीत आहे, हे अल्बम ऐकत गेल्यावर स्पष्ट होतं.

पाश्चात्त्य संगीताची ओढ तरुणपणी लागली. मुंबईत जॅझ तोवर नवं राहिलेलं नव्हतं. १९३०च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन वादक येऊन गेले होते, आणि चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ यांच्यासारख्या गोवेकर वादकांनी जॅझ क्लबांतून हिंदी चित्रपटसंगीतातही नेलं होतं. रेकॉर्डवर ऐकू येणारे सगळे ताल एकट्यानेच वाजवायचे, असा गुर्टू यांचा सराव चालला होता. एकाच वादकाचे वेगवेगळे थर नंतर एकमेकांवर चढवता येतात, हे ध्वनिमुद्रणाचं तंत्र त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर असा प्रयत्न केलाच नसता, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. या अजाणतेपणातून एक विलक्षण वादनपद्धत जन्मली.

जमिनीवरचा ड्रमसेट

ड्रमवादक साधारणपणे स्टुलावर बसतो आणि पायाने मोठा ड्रम वाजवतो. गुर्टू यांची मांडणी वेगळी आहे. ते जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवतात. समोर तबला-डग्गा, भोवती टॉम, स्नेअर आणि झांजा, हाताशी घंटा, शिंपल्यांच्या माळा आणि पाण्याची बादली. वाजती थाळी किंवा शिंपल्यांची माळ पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो आणि थरथरतो. ही त्यांची जगभर ओळखीची झालेली खूण. या मांडणीचा खरा लाभ असा, की हाताच्या बोटांनी निघणारे तबल्याचे मऊ बोल आणि काठीने निघणारे ड्रमचे टणक आघात एकाच वाक्यात येऊ शकतात. तबला आणि ड्रम हे दोन कप्पे राहत नाहीत.

दुसरी गोष्ट तालाच्या हिशोबाची. फंकचं एक आवर्तन चार मात्रांचं धरलं आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, तर सोळा बारीक भाग होतात. या सोळांत पाच, पाच आणि सहा असे गट पाडले की ऐकणाऱ्याला ताल सरकल्यासारखा वाटतो, पण पहिली मात्रा जागेवरच येते. किंवा दुसऱ्या भागापासून पाचपाचचे तीन तुकडे घेतले की पंधरा भाग भरतात आणि पुढचा आघात बरोबर समेवर पडतो. कर्नाटक पद्धतीत असे गट तोंडाने म्हणतात, त्याला कोन्नकोल म्हणतात. गुर्टू ते मंचावर म्हणतात आणि म्हणता म्हणता वाजवतात. फंक ज्या पहिल्या मात्रेला जपतो, तिलाच भारतीय ताल सम मानतो, त्यामुळे ही गणितं ठेक्याला धक्का न लावता त्यात मावतात.

सहवादक म्हणून घडण

१९७०च्या दशकात गुर्टू युरोपात गेले. सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो आणि ट्रंपेटवादक डॉन चेरी यांचा सहवास त्यांना लाभला. चेरी हे अमेरिकेतल्या मुक्त जॅझचे एक अग्रणी आणि जगभरच्या लोकसंगीताचे मनापासूनचे विद्यार्थी. गुर्टू यांच्यावर त्यांचा ठसा कायमचा उमटला. ‘ओरेगॉन’ या नामवंत गटाचे तबला आणि सतारवादक कॉलिन वॉलकॉट नोव्हेंबर १९८४मध्ये मोटार अपघातात गेले. त्यांच्या जागी पुढे गुर्टू आले. ‘इकोटोपिया’, ‘फॉर्टीफिफ्थ पॅरलल’ आणि ‘ऑलवेज, नेव्हर अँड फॉरेव्हर’ हे ओरेगॉनचे तीन अल्बम त्यांच्या साथीने झाले.

व्यापक कीर्ती मिळाली ती गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन यांच्या त्रयीमुळे. एक गिटार, एक बेस आणि गुर्टू, इतकाच हा संच. नोव्हेंबर १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. त्यात बेसवर काय एकहार्ट आहेत. पियानो नाही, दुसरी गिटार नाही, त्यामुळे एकहार्ट यांचा फंक बेस आणि गुर्टू यांचा ठेका पूर्ण उघडा ऐकू येतो. मॅकलॉफलिन आणि गुर्टू यांचे बोलांचे सवालजवाबही इथे आहेत. त्यानंतरचा ‘के अलेग्रिया’ हा स्टुडिओतला अल्बम, बहुतांशी बेसवादक दोमिनिक दि पियाझा यांच्यासह, अधिक नाजूक विणीचा आहे.

‘उस्फ्रेट’ ते ‘क्रेझी सेंट्स’

‘उस्फ्रेट’ जर्मनीच्या सीएमपी कंपनीने काढला. डॉन चेरी, ओरेगॉनचे राल्फ टाउनर, व्हायोलिनवादक एल. शंकर, बेसवादक योनास हेलबोर्ग आणि फ्रेंच पियानोवादक डॅनियल गॉयॉन असे सहवादक त्यावर आहेत, आणि आवाज आहे शोभा गुर्टू यांचा. एका रचनेचं नावच ‘शोभारॉक’. आईचा ठुमरीने कमावलेला स्वर आणि त्याखाली मुलाचा धडधडता ठेका. हा प्रयोग १९८८मध्ये ज्या आत्मविश्वासाने केला आहे तो आजही थक्क करतो. ठुमरीला आधुनिक करण्यासाठी तिची मोडतोड केलेली नाही. गायिका आपल्या पद्धतीने गाते आणि वाद्यं तिच्या श्वासाला जागा सोडतात. पुढच्या काळात भारतीय गायन आणि नृत्यठेका यांची जी असंख्य मिश्रणं झाली, त्यांच्या बरीच आधीची ही रेकॉर्ड आहे. लंडनमध्ये तबलावादक तल्विन सिंग यांचा ‘ओके’ हा अल्बम आला तो १९९८मध्ये.

१९९१च्या ‘लिव्हिंग मॅजिक’मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक आणि ब्राझीलचे तालवादक नाना वास्कोन्सेलोस आहेत. हा अल्बम अधिक मोकळा आणि निवांत आहे. दोन तालवादक समोरासमोर असूनही कोणी कोणावर कुरघोडी करत नाही.

१९९३चा ‘क्रेझी सेंट्स’ हा या टप्प्यातला कळसाचा अल्बम. जो झाविनुल, गिटारवादक पॅट मेथेनी, क्लॅरिनेटवादक लुई स्क्लाविस आणि चेलोवादक अर्न्स्ट रायसेगर असे पाहुणे त्यावर आहेत. झाविनुल हे ‘वेदर रिपोर्ट’ या गटाचे सहसंस्थापक, कीबोर्डवर ठेका रचणारे सिद्धहस्त रचनाकार. त्यांच्या आणि गुर्टू यांच्या वादनात ग्रूव्ह कसा आकार घेतो, हे ऐकण्यासारखं आहे. शोभाताईंचा स्वर इथेही आहे. पुढे ‘क्रेझी सेंट्स’ हे गुर्टू यांच्या गटाचंच नाव झालं. १९९०च्या दशकाच्या मध्यात आलेले ‘बिलीव्ह’ आणि ‘बॅड हॅबिट्स डाय हार्ड’ हे अल्बम या गटाच्या बळावर उभे आहेत. पाहुण्यांच्या मांदियाळीपेक्षा रोज एकत्र वाजवणाऱ्या संचाची एकजीव लय या रेकॉर्डवर अधिक आहे, आणि फंकची ओढही इथे सर्वांत उघड आहे. अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ या मान्यवर जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी याच सुमारास त्यांना सर्वोत्तम तालवादक म्हणून निवडलं, आणि हा मान पुढेही अनेकदा मिळाला.

आफ्रिकेकडे, आणि संगणकाकडेही

डॉन चेरी १९९५मध्ये गेले. त्यानंतरचा ‘द ग्लिम्प्स’ हा अल्बम त्यांच्या स्मृतीला वाहिलेला आहे. १९९८च्या ‘कथक’मध्ये चेरी यांची सावत्र मुलगी, गायिका नेने चेरी गायली आहे. इथून गाण्याचं प्रमाण वाढतं. ‘आफ्रिकन फँटसी’ आणि २००१चा ‘द बीट ऑफ लव्ह’ या अल्बमांत गुर्टू आफ्रिकेकडे वळले. ‘द बीट ऑफ लव्ह’ची निर्मिती वॅली बदारू यांची, आणि मालीचे सलिफ केइता व बेनिनच्या अँजेलिक किजो हे त्यावरचे गायक. पश्चिम आफ्रिकेच्या संगीतात दोनाची आणि तीनाची चाल एकाच वेळी नांदते, एक हात दोन भाग मोजतो तेव्हा दुसरा तीन मोजतो. केरवा आणि दादरा दोन्ही अंगात मुरलेल्या वादकाला ही चाल परकी वाटत नाही. या अल्बमांतली गाणी सोपी, थेट आणि नाचरी आहेत.

तालाची संगणकाशी झालेली गाठही याच वर्षांतली. २०००मध्ये ‘टॅब्ला बीट सायन्स’ या गटाचा ‘ताला मॅट्रिक्स’ आला. बेसवादक आणि निर्माते बिल लॅसवेल यांच्या या प्रकल्पात झाकीर हुसेन, तल्विन सिंग, कर्श काळे आणि गुर्टू असे तालवादक एकत्र आले. २००२च्या ‘रिमेंबरन्स’मध्ये गुर्टू पुन्हा भारताकडे वळले. झाकीर हुसेन, नितीन सोनी आणि शोभाताई त्यावर आहेत.

अ‍ॅसिड जॅझच्या रसिकाला सर्वांत जवळचा वाटेल असा अल्बम मात्र २००४चा ‘माइल्स गुर्टू’. रॉबर्ट माइल्स हे ‘चिल्ड्रन’ या १९९०च्या दशकातल्या प्रचंड खपाच्या नृत्यगीताचे कर्ते. लोकप्रियतेचा तो मार्ग सोडून ते जॅझकडे वळले, तेव्हा त्यांनी गुर्टू यांच्यासोबत हा अल्बम केला. इलेक्ट्रॉनिक नादांचे गडद, सावकाश सरकणारे थर आणि त्यांवर जिवंत हातांचा ठेका. यंत्राचा ताल तंतोतंत समान असतो. माणसाच्या हातचा आघात केसभर आधी किंवा नंतर पडतो आणि जोरही दरवेळी बदलतो. दोन्ही शेजारी ठेवले, की ग्रूव्हमधला प्राण कुठून येतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

तंतुवाद्यं, बिग बँड, ट्रंपेट

२००४च्याच ‘ब्रोकन ऱ्हिदम्स’मध्ये इटलीतल्या चार तंतुवादकांचा आर्के गट, रॉक-ब्लूज गिटारवादक गॅरी मूर आणि तुवाचा हून-हूर-तू हा कंठगायकांचा गट एकत्र आले. तुवातले गायक एकाच वेळी दोन सूर काढतात, खालचा घोगरा खर्ज आणि वर शिट्टीसारखा तरंगणारा स्वर. आर्के गटासोबत पुढे २००६मध्ये ‘आर्केऑलॉजी’ हा स्वतंत्र अल्बम झाला. त्याच वर्षीचा ‘फराकाला’ मालीच्या वादकांसोबतचा. २००९च्या ‘मॅसिकल’मध्ये गार्बारेक पुन्हा भेटतात. २०११च्या ‘ट्वेंटीवन स्पाइसेस’मध्ये ड्रमवादक सायमन फिलिप्स आणि हॅम्बुर्गच्या एनडीआर रेडिओचा बिग बँड आहे. डझनभर ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनांच्या ताफ्याला विषम मात्रांच्या तालांत एकसाथ समेवर आणणं हे मोठं शिस्तीचं काम, आणि ते या रेकॉर्डवर उत्तम जमलेलं आहे.

२०१३चा ‘स्पेलबाउंड’ ट्रंपेट या वाद्याला आणि पुन्हा एकदा डॉन चेरी यांना केलेलं वंदन आहे. नॉर्वेचे निल्स पेटर मोल्व्हेर, लेबनॉनमध्ये जन्मलेले इब्राहिम मालूफ, इटलीचे पाओलो फ्रेसू आणि जर्मनीचे टिल ब्रॉनर असे ट्रंपेटवादक त्यात येतात. डिझी गिलेस्पी यांची ‘मँटेका’ ही जुनी रचना इथे नव्या ठेक्यात ऐकायला मिळते. चाल ओळखीची राहते, पण तिच्या खालची जमीन बदललेली असते. २०१९मध्ये ‘गॉड इज अ ड्रमर’ आला, तेव्हा गुर्टू पासष्टी ओलांडून गेले होते. हातातली तडफ कमी झालेली नव्हती.

ऐकावं कोणत्या क्रमाने

हे अल्बम खान्देशातल्या श्रोत्यालाही आज मोबाइलवर सहज मिळू शकतात, पण छोट्या स्पीकरवर बेस आणि डग्ग्याचा खर्ज हरवतो आणि ग्रूव्हचा अर्धा भाग त्यासोबत जातो. त्यामुळे चांगला हेडफोन हवाच. गाण्याची आवड असेल तर सुरुवात ‘द बीट ऑफ लव्ह’ने करावी. शास्त्रीय संगीताचा कान असेल तर ‘उस्फ्रेट’मधलं ‘शोभारॉक’ आधी ऐकावं आणि शोभाताईंची एखादी ठुमरी लगेच नंतर लावावी, म्हणजे तीच लग्गी दोन्हीकडे कशी वाहते ते कळेल. नृत्यक्लबच्या संगीताची सवय असलेल्या तरुणांसाठी ‘माइल्स गुर्टू’ योग्य. तबला किंवा ड्रम शिकणाऱ्यांनी रॉयल फेस्टिव्हल हॉलची मैफल आणि ‘क्रेझी सेंट्स’ यांच्यापासून आरंभ करावा आणि हाताने टाळी देत सम धरून ठेवावी.

ऐकताना पहिल्यांदा फक्त बेस ऐकावा, दुसऱ्यांदा फक्त तालवाद्यं, आणि तिसऱ्यांदा सगळं मिळून. साक्री-पिंपळनेरच्या पश्चिम पट्ट्यात पावरी या वाद्याच्या सुरावर रात्रभर नाच चालतो, भजनी मंडळांत मृदुंगाचा ठेका तासन्‌तास टिकतो. तालाचा असा संस्कार असलेल्या भागातल्या श्रोत्याला गुर्टू यांच्या ग्रूव्हशी ओळख करून घ्यायला जॅझच्या व्याकरणाची गरज लागत नाही. व्याकरण पुढे कळत जाईल. ठुमरीच्या साथीतून आलेल्या एका वादकाने दाखवून दिलं आहे, की परंपरेत पाय घट्ट असेल तर जगातल्या कोणत्याही संगीताशी बरोबरीच्या नात्याने वाजवता येतं आणि त्यासाठी ठेका सोडावा लागत नाही.